वहीत नसलेलं लेकरू

ढोकीत, तेरणेच्या काठाला, एक म्हातारा शेतकरी राहत होता. गळ्यात माळ होती, तोंडी अभंग होते, आणि जवळच तेरला गोरोबाकाकांच्या देवळातली त्याची एकादशीची फेरी चुकत नव्हती. थोरला मुलगा शेत बघायचा. धाकटी लेक मुरूडला दिली होती.

एका पावसाळ्यात थोरल्याचे डोळे पिवळे झाले. अन्न जाईना, पोट फुगत चाललं. कुणी सांगितलं म्हणून गळ्यात काविळीची माळ घातली. कुणी दारूचं नाव घेतलं, पण त्यानं जन्मात थेंब घेतला नव्हता. कुणी करणी म्हणालं. शेवटी लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हिपॅटायटिस बी आहे, कावीळ ब, यकृत निकामी होत आलंय. चाळिशीच्या आत थोरला गेला.

दिवसकार्य झाल्यावर घरच्या सगळ्यांचं रक्त तपासलं. आईच्या रक्तात तोच विषाणू निघाला. लेकीच्याही.

"मग माझ्यापासूनच गेलं का ओ माझं लेकरू?" आईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं, आई? हा आजार बोलत नाही. मोठ्या माणसाला लागला तर शंभरातल्या पंच्याण्णवांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. पण बाळंतपणात आईकडून तान्ह्याला लागला, तर दहातल्या नऊ लेकरांत तो कायमचा राहतो. तीस-चाळीस वर्षं गप्प बसतो, मग यकृत खातो. तुमचा थोरला जन्मला तेव्हा यावरची लस जगात कुठंच मिळत नव्हती. अमेरिकेत ती मंजूर झाली १९८१ साली. आपल्याकडं पुष्कळ वर्षं ती परदेशातून यायची आणि गरिबाला परवडायची नाही. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं ती इथंच बनवली, तेव्हा कुठं स्वस्त झाली. सरकारनं ती २०११ साली देशभरातल्या लेकरांसाठी फुकट केली."

आई ऐकत राहिली. घरी आल्यावर तिनं आपलं ताट-वाटी वेगळी काढली. म्हाताऱ्यानं ती उचलून पुन्हा सगळ्यांच्या भांड्यांत ठेवली. एका ताटात जेवून, एका घागरीचं पाणी पिऊन हा आजार लागत नाही, हे त्यानं डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून घेतलं होतं. तो रक्तातून जातो. वस्तरा, ब्लेड, न उकळलेली सुई यांतून जातो. शरीरसंबंधातून जातो, बाळंतपणात जातो.

पुढच्या वर्षी लेक बाळंत झाली, ती दवाखान्यातच. दिवस मावळायच्या आत बाळाच्या एका मांडीत लस टोचली. आईच्या रक्तात विषाणू होता म्हणून दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही दिलं. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झाले. वर्षाचं झाल्यावर नातवाचं रक्त तपासलं. विषाणू नव्हता. म्हाताऱ्यानं तो कागद पोथीत ठेवला.

मग तो गावातल्या सरकारी दवाखान्यात सिस्टरकडं गेला.

"सिस्टर, आपल्या गावात अशी लस न मिळालेली लेकरं किती राहिली?"

सिस्टरनं वही उघडली. बाई कामाची पक्की होती, एकेका नावापुढं तारखा होत्या. "फार नाहीत, आबा. जवळजवळ सगळी झाली."

म्हातारा वही बघत राहिला. "यात कारखान्यावरच्या कोप्यांतली कुठं हायेत?"

"ती आपल्या गावची नाहीत. त्यांची नोंद त्यांच्या गावी असते."

"पर दिवाळीपासनं उन्हाळ्यापर्यंत ती गावी नसत्यातच की."

सिस्टर गप्प झाली. साखर कारखान्याच्या ऊसतोडीला टोळ्या बीडकडून यायच्या, कोप्यांत राहायच्या, नवरा-बायको मिळून एक कोयता. पोटातलं आणि कडेवरचं लेकरू त्यांच्याबरोबर यायचं. त्यांच्या गावची वही म्हणायची, बाहेरगावी गेले. इथली वही म्हणायची, आपले नाहीत. दोन्हीकडचे आकडे चांगले दिसायचे. ते लेकरू कुठल्याच आकड्यात नव्हतं.

त्या आठवड्यात दोघं कोप्यांवर गेली. कुठल्या कोपीत गरोदर बाई आहे ते सिस्टरनं लिहून घेतलं. म्हातारा बाहेर बसून बाप्यांशी बोलत राहिला.

पौषातल्या एका पहाटे एक पोरगा म्हाताऱ्याच्या दारात आला. रात्री कोपीतच बाई मोकळी झाली होती. शेजारच्या बाईनं नाळ कापली होती. म्हातारा तसाच निघाला. टोळीचा मुकादम म्हणाला, "बाळ-बाळंतीण धडधाकट हायेत. थंडीत कुठं नेता? परवा बघू." म्हाताऱ्यानं हात जोडले. "परवा उशीर होतोय. पहिल्या २४ तासांचं औषध हाय ते." जीप मिळाली नाही. ऊस उतरवून परतणाऱ्या रिकाम्या ट्रॉलीत गोधड्या अंथरल्या, आणि दिवस वर यायच्या आत बाळाला लस मिळाली. आईचं रक्त नंतर तपासलं. त्यात काहीच निघालं नाही.

मुकादम हसला. "आबा, उगाच धावपळ केली की."

म्हातारा काही बोलला नाही. त्याला आता वाद घालावासा वाटत नव्हता.

मुकादमाचं म्हणणं साधं होतं, आणि पुष्कळांचं तसंच असतं. या लसीचं यश डोळ्यांना दिसतच नाही. तैवाननं १९८४ साली तान्ह्यांना ही लस द्यायला सुरुवात केली, तेव्हा तैपेईतल्या शंभर मुलांमागं दहांच्या रक्तात हा विषाणू सापडायचा. पंधरा वर्षांनी शंभरांत एकही भरेना. पोरांमधला यकृताचा कर्करोगही निम्म्यावर आला. तिथंही लस टोचणाऱ्या बाईला कुठलं लेकरू वाचलं ते सांगता आलं नसतं. काहीच न घडलेली अशी हजारो लेकरं एकत्र मोजली की मुलखाचा आकडा उतरतो. आणि ज्या कोपीकडं कुणी गेलं नाही, तिथं तो तसाच राहतो, मग वहीतली टक्केवारी कितीही चांगली असो. ते लेकरू मोठं होतं, त्याच्या हाती वस्तरा येतो, त्याचंही लग्न होतं, त्यालाही लेकरं होतात.

पुढल्या दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा आल्या. सिस्टरनं नवी वही आणली होती, तिच्यात कोप्यांसाठी वेगळी पानं होती. मुकादम स्वतः बरोबर फिरला. चौथ्या कोपीपाशी थांबून त्यानं सांगितलं, "हिला आठवा लागलाय. ही लिहा आधी. आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबरबी लिहून ठेवा."