शिक्षकाने संगणक शिकणे म्हणजे काय

शिक्षकाच्या संगणक शिकण्याचे दोन भाग आहेत. यंत्र चालवता येणे हा पहिला: फाइल उघडणे आणि जपून ठेवणे, मराठीत टंकणे, प्रोजेक्टर जोडणे, इंटरनेटवरून हवे ते शोधणे. आपल्या विषयातल्या कोणत्या धड्याला हे यंत्र उपयोगी पडते, कोणत्या धड्यात ते आड येते आणि मुलांच्या मनातली कोणती चुकीची समजूत त्याने दूर होऊ शकते, हे ओळखता येणे हा दुसरा. पहिला भाग दोन-तीन महिन्यांत जमतो. दुसऱ्याला वर्षे लागतात, कारण त्यात शिक्षकाला स्वतःचा विषयच पुन्हा तपासावा लागतो. महाराष्ट्रात गेल्या पंचवीस वर्षांत पैसा, परिपत्रके आणि परीक्षा यांचा भर पहिल्या भागावर राहिला. संगणक शाळेत पोहोचला, पण अध्यापनात मुरला नाही, याचे मुख्य कारण हेच आहे.

भारतीय शाळेत संगणक शिरला तो 1984-85 मध्ये. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पाखाली सुमारे 250 शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक मिळाले आणि मोजक्या शिक्षकांना ते चालवण्याचे प्रशिक्षण मिळाले. पुढे जिथे जिथे संगणक आला तिथे बहुधा एकच घडी बसली. संगणकाची वेगळी खोली, तिला कुलूप, चपला बाहेर, यंत्रावर कापडी आच्छादन, आठवड्याला एखादी तासिका आणि त्या तासिकेचा वेगळा माणूस. डिसेंबर 2004 मध्ये माध्यमिक शाळांसाठी ‘आयसीटी ॲट स्कूल’ ही केंद्राची योजना आली, तेव्हाही अनेक ठिकाणी खोली खासगी कंपनीने उभारली आणि संगणक निदेशक कंत्राटावर आला. करार संपला की निदेशक गेला आणि संच धूळ खात पडले. यातला खरा तोटा यंत्रांचा नव्हता. गणित, भूगोल किंवा मराठी शिकवणाऱ्याची समजूत अशी झाली की संगणक हा दुसऱ्या कोणाचा तरी विषय आहे.

दुसरा टप्पा एमएस-सीआयटीचा. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना 2001 मध्ये झाली आणि त्याचा हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांत पोहोचला. शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणे शिक्षकांनाही तो पूर्ण करणे बंधनकारक झाले आणि त्याची सांगड वेतनवाढीशी घातली गेली. पंचेचाळिशी-पन्नाशीचे शिक्षक सुट्टीत, आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून माउस धरायला शिकले. या अभ्यासक्रमाचे श्रेय नाकारता येत नाही. बटण दाबले तर काहीतरी बिघडेल ही धास्ती त्याने घालवली. पण त्यात शिकवले जाई ते कार्यालयाचे काम: पत्र लिहिणे, तक्ता करणे, सादरीकरणाच्या पाट्या बनवणे. पाचवीच्या अपूर्णांकांशी किंवा आठवीच्या प्रकाशाच्या धड्याशी त्याचा संबंध नव्हता. शिवाय वेतनवाढ अडेल म्हणून जे शिकले जाते ते प्रमाणपत्र हाती येताच मागे पडते. कपाटात प्रमाणपत्र आणि वर्गात फळा, अशी फारकत त्यातून आली.

मराठी माध्यमाच्या शिक्षकापुढे आणखी एक अडचण होती, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले गेले. ती म्हणजे मराठी टंकण्याची. युनिकोड रुजण्याआधी प्रत्येक फॉन्टची आपली वेगळी मांडणी असे. शाळेत रात्री जागून तयार केलेली सहामाहीची प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जावे आणि तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसल्याने पानभर अगम्य चिन्हे दिसावीत, हा अनुभव एका पिढीचा आहे. युनिकोडने ती अडचण संपवली, तरी कळफलक शिकावाच लागतो. इनस्क्रिप्ट या कळफलकात इंग्रजी जे च्या कळीवर र आहे आणि डी च्या कळीवर अक्षराचा पाय मोडण्याची खूण. र चा पाय मोडून य दिला की रफार येतो आणि ‘दर्या’ उमटतो. भूगोलाच्या शिक्षकाला सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ हव्या असतात. त्यासाठी शिफ्ट दाबून ऱ घ्यावा लागतो. रोमन अक्षरांत टंकून मराठी मिळवणाऱ्याला किंवा बोलून टंकणाऱ्याला हा फरक यंत्र नेहमीच करून देत नाही. ज्याला ही कळ ठाऊक नाही त्याच्या प्रश्नपत्रिकेत सह्याद्रीला समुद्र चिकटतो आणि मुले तेच रूप बरोबर समजून वहीत उतरवतात. ही बाब क्षुल्लक वाटते, पण मुलांपुढे येणारा छापील शब्द शुद्ध असणे ही शिक्षकाची पहिली जबाबदारी आहे आणि प्रशिक्षणात या एका कळीला पाच मिनिटेही सहसा मिळालेली नाहीत.

यंत्र येणे आणि यंत्राने शिकवता येणे यांतले अंतर गणिताच्या एका तासात स्पष्ट दिसते. जिओजेब्रा हे भूमितीसाठी वापरले जाणारे मोफत सॉफ्टवेअर आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात त्याचे काम सुरू केले. त्यात त्रिकोण काढून एक शिरोबिंदू माउसने ओढला की तिन्ही कोन डोळ्यांदेखत बदलतात. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंश असते, हे दाखवायला याहून सोपे साधन नाही, असे पहिल्या दिवशी वाटते. आता पाया 2 एकक आणि उंची 2 एकक असलेला समद्विभुज त्रिकोण घेतला, तर पडद्यावर कोन दिसतात 63.43, 63.43 आणि 53.13. वर्गातला एखादा मुलगा वहीत बेरीज करतो आणि सांगतो, “सर, 179.99 येतंय.”

केवळ बटणे शिकलेला शिक्षक इथे अडखळतो. “सॉफ्टवेअरमध्ये थोडा फरक पडतो, तू 180 धर,” असे म्हणून तो पुढे जातो आणि मुलाच्या मनात शंका तशीच राहते. विषय जाणणारा शिक्षक थांबतो. पायालगतचा प्रत्येक कोन खरे तर 63.4349 अंशांहून किंचित मोठा आहे, पडद्यावर दशांश चिन्हापुढची दोनच स्थळे दिसतात आणि तिन्ही कोनांत मिळून एक शतांश अंश गळून पडला आहे, हे तो मुलांकडूनच काढून घेतो. त्यानंतर तो याहून महत्त्वाचा प्रश्न विचारतो: शंभर त्रिकोण मोजले तरी एकशे एकाव्या त्रिकोणाची खात्री कशी द्यायची? इथे माउस बाजूला राहतो. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा फळ्यावर काढली जाते, व्युत्क्रम कोन सामोरे येतात आणि मोजणे वेगळे, सिद्ध करणे वेगळे, हे सातवी-आठवीच्या मुलाला बहुधा पहिल्यांदा उमगते. या तासात जिओजेब्राने काम केले ते सिद्धतेची गरज निर्माण करण्याचे. ते काम त्याच्याकडून करून घ्यायला मदतपत्रिका पुरत नाही, भूमिती मुरलेली असावी लागते.

शिक्षणशास्त्रात या जाणिवेला नाव मिळालेले आहे. अमेरिकन अभ्यासक ली शुलमन यांनी 1986 मध्ये मांडले की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे कसब यांच्या पलीकडे शिक्षकाजवळ एक तिसरे ज्ञान असते: अमुक संकल्पना मुलांना कुठे अडते आणि ती कशी सोडवून दाखवायची याचे. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली आणि विषय, अध्यापन व तंत्रज्ञान या तिन्हींचा जिथे मेळ बसतो ते ज्ञान शिक्षकाला हवे, असे म्हटले. आपल्याकडे डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत आता हा विचार आकृतीसह असतो. भावी शिक्षक तीन वर्तुळे पाठ करतो, पण सराव पाठात ती वर्तुळे त्याच्या हाताला क्वचितच लागतात.

त्याच ज्ञानाचा एक भाग यंत्र कधी वापरू नये हे कळणे आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली विज्ञानाची आभासी प्रात्यक्षिके मोफत मिळतात आणि त्यांतली अनेक मराठीतही आहेत. पडद्यावर विद्युत परिपथ जोडला की इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, जे खऱ्या तारेत कधीच दिसत नाहीत. पण ज्या मुलाने सेल, वायर आणि छोटा बल्ब हातात घेतलेला नाही, बल्ब पेटत नाही म्हणून वायरचे टोक खरवडलेले नाही, त्याच्यासाठी पडद्यावरचा परिपथ हा नुसता खेळ ठरतो. आधी टेबलावरचा बल्ब, मग पडद्यावरचे इलेक्ट्रॉन. हा क्रम उलटा झाला की तंत्रज्ञान अनुभवाची जागा बळकावते.

महाराष्ट्रात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला तो साधारण 2015 च्या पुढे, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात. लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रोजेक्टर आणि टॅब आले, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले आणि 2020 मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. तो कोड करायला तंत्रज्ञानाचे मोठे ज्ञान लागत नाही. कविता शाळेत एकदा ऐकलेल्या मुलाला ती घरी पुन्हा ऐकता यावी, ही गरज आधी दिसावी लागते. याच काळात शेकडो शिक्षकांनी आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे निकालपत्रक एक्सेलमध्ये स्वतः बांधले, गुण भरले की श्रेणी आपोआप यावी अशी सूत्रे लिहिली आणि ती फाइल एकमेकांना वाटली. एक्सेल कोणत्याही वर्गापेक्षा त्या फाइलमुळे अधिक शिकले गेले, कारण काम स्वतःचे होते.

पण तंत्रस्नेही म्हणून ओळखला गेलेला शिक्षक पुढे बहुधा माहिती भरणारा झाला. ‘सरल’ आणि ‘यू-डायस प्लस’ या संकेतस्थळांवरची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, आधारची जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज: ज्याला संगणक येतो त्याच्याकडे ही सगळी कामे सरकतात. दिवसा संकेतस्थळावर गर्दी म्हणून कामाला रात्री बसावे लागते. दोन शिक्षकी शाळेत एक जण माहिती भरत बसला की दुसऱ्याला चारही इयत्ता सांभाळाव्या लागतात. संगणक आल्याची ही शिक्षा पाहून इतर शिक्षक शिकायचे टाळतात, आणि त्यात त्यांना दोष देता येत नाही. शिक्षकाने वर्गासाठी संगणक शिकावा असे शासनाला खरोखर वाटत असेल, तर कारकुनी नोंदींसाठी केंद्रस्तरावर वेगळा माणूस द्यायला हवा. त्याशिवायची सारी प्रशिक्षणे गळक्या भांड्यात पाणी ओतण्यासारखी आहेत.

2020 च्या टाळेबंदीने सक्तीचा धडा दिला. 2017 च्या शिक्षक दिनी सुरू झालेला ‘दीक्षा’ हा ई-साहित्याचा मंच तोवर अनेकांच्या मोबाइलमध्ये नुसता पडून होता. आता शिक्षक भिंतीला मोबाइल टेकवून स्वतःचे पाठ चित्रित करू लागले. घरातला एकुलता एक मोबाइल वडिलांबरोबर कामावर जातो आणि मूल संध्याकाळी सातनंतरच भेटते, हे तेव्हाच लक्षात आले. रेंज नसलेल्या पाड्यांवर शिक्षक स्वाध्यायपत्रिका घेऊन चालत गेले. कोणत्या मुलापर्यंत काय पोहोचते याचा हा विचार तंत्रज्ञान शिकण्याचाच भाग होता, पण शाळा उघडल्यावर त्या अनुभवाची पद्धतशीर नोंद कोणी मागितली नाही.

शिक्षक प्रत्यक्षात शिकतो तो बहुतेक वेळा शेजारच्या शिक्षकाकडून. प्रोजेक्टरवर ‘नो सिग्नल’ आले की विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबायचे, हे त्याला पुस्तिकेत सापडत नाही, मधल्या सुट्टीत सहकारी सांगतो. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटे त्यामुळे वाचतात. केरळने 2001 मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पात हेच तत्त्व धरले. शाळेतलेच शिक्षक प्रशिक्षक झाले, मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले गेले आणि यंत्रणा टिकून राहिली. 2017 मध्ये तिचे रूपांतर ‘काइट’ या शासकीय कंपनीत झाले. महाराष्ट्रात केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद या कामाला तयार जागा आहे. तिथे एखाद्या शिक्षकाने आपला एक पाठ घेऊन यावे, तो संगणकासह शिकवून दाखवावा, इतरांनी महिनाभर आपापल्या वर्गात करून पाहावा आणि पुढच्या परिषदेत काय फसले ते सांगावे. फसलेल्या पाठाची चर्चा झाली नाही तर प्रशिक्षणाचे रूपांतर प्रदर्शनात होते. शंभर शिक्षकांना सभागृहात बसवून तीन तास पाट्या दाखवण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि खोल जाते.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि पहिल्या भागाचे, म्हणजे यंत्र चालवण्याचे ओझे एकदम हलके झाले. धड्याचे नाव सांगितले की दहा प्रश्न, पाठटाचण, घटक चाचणी समोर येते, तीही मराठीत. त्यामुळे दुसरा भाग आता टाळता येणार नाही. यंत्राने दिलेल्या बहुपर्यायी प्रश्नात कधी दोन पर्याय बरोबर निघतात, कधी उत्तर पाठ्यपुस्तकाच्या इयत्तेपलीकडचे असते, कधी वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही मराठी माणूस तसे बोलत नाही. हे सगळे ठाम सुरात लिहिलेले असते, म्हणून नवख्या शिक्षकाला चूक सापडणे अवघड जाते. येत्या काळात प्रशिक्षणाचा एक सोपा प्रकार यातून करता येईल: प्रत्येकाने आपल्या विषयाची यंत्राने काढलेली प्रश्नपत्रिका छापून आणायची आणि मुलांचे पेपर तपासतो तशी, लाल पेन हातात घेऊन, ती गटात बसून तपासायची.