पूर्वतयारी

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी यंदा दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाली. अकरावीचे वर्ग सुरू होण्यास अद्याप पंधरा-वीस दिवसांचा अवकाश होता. एके संध्याकाळीं ती वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही पुन्हा सोळा वर्षांचे झालात आणि कॉलेजांत जायला निघालात, तर स्वतःला काय सांगाल? तेंच मला सांगा, म्हणजे तुमच्या चुका मला पुन्हा करायला नकोत." प्रश्न मोठा व्यवहारी होता, पण तो विचारणाऱ्या चेहऱ्यावर असा विश्वास होता कीं, टाळाटाळ करणें जमेना.

मीं सांगूं लागलों. व्याख्यानाला जाण्यापूर्वीं तो धडा एकदां तरी डोळ्यांखालून घालावा. टिपणें त्याच दिवशीं नीट उतरून काढावीं. गणित पाहून समजत नाहीं, हातानें करून समजतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागरण करूं नये. ज्या पुस्तकावर परीक्षा नाहीं असें एखादें पुस्तक नेहमीं उशाशीं असावें. तिनें या साऱ्या गोष्टी क्रमांक घालून लिहून घेतल्या. त्यांतील एकहि खोटी नव्हती. तरी रात्रीं अंथरुणावर पडलों तेव्हां मनाला एक रुखरुख लागून राहिली. तिनें जें विचारलें होतें त्याचें हें उत्तर नव्हे, हें मला ठाऊक होतें.

माणसानें आपल्याच तरुणपणाला उपदेश करावा ही कल्पना प्रथमदर्शनीं गोड वाटते. पण किंचित् खोल जाऊन पाहिलें म्हणजे तींत एक अडचण दिसूं लागते. ज्याला उपदेश करावयाचा तो मुलगा आतां कोठेंच नाहीं. आणि समजा, त्याला माझा आवाज ऐकूं गेला व त्यानें माझें ऐकलें, तर आज उपदेश करणारा हा जो मी, तो तरी असाच उरेन काय? ज्या शहाणपणाच्या जोरावर मी बोलणार, तें त्या मुलाच्या ठेंचांतूनच मला मिळालेलें आहे. ठेंच चुकवावी आणि शहाणपण मात्र राखावें, ही इच्छा म्हणजे पेरणीवांचून पीक मागण्यासारखी आहे. म्हणून पुष्कळ विचारी माणसें म्हणतात कीं, आपल्या चुकांसह आपला भूतकाळ आहे तसा पत्करावा. त्यांतील कांहींहि बदलण्याची हांव धरूं नये.

हें म्हणणें मला अर्धेंच पटतें. चुकांचे दोन प्रकार आहेत आणि या म्हणण्यांत त्यांची गल्लत होते. कांहीं चुकांची किंमत आपली आपणच भरलेली असते. पहिल्या सहामाहींत मी गणितांत नापास झालों, एक वर्ष चुकीच्या विषयामागें घालविलें. या चुका माझी कमाई आहेत. त्या पुसून टाकाव्या असें मला वाटत नाहीं. परंतु कांहीं चुका अशा असतात कीं, त्या केल्या आपण आणि त्यांची किंमत भरली दुसऱ्यानें. या दुसऱ्या प्रकारच्या चुकीला 'अनुभव' असें भारदस्त नांव देऊन ती पदरांत घालून घेणें हा अप्रामाणिकपणा आहे. तें ऋण आहे. आणि ऋण कमाईच्या सदरीं लिहितां येत नाहीं.

माझ्यावर असें एक ऋण आहे. १९८४ सालच्या जून महिन्यांत चिपळूणजवळच्या एका गांवांतून आम्ही दोघे मित्र अकरावीसाठीं पुण्यास आलों. महाराष्ट्रांत दहा अधिक दोन अधिक तीन ही शिक्षणाची रचना आली आणि १९७५ सालीं त्या रचनेंतील दहावीची पहिली परीक्षा झाली. तेव्हांपासून आपल्याकडे दहावीनंतरचें पाऊल थेट कॉलेजांतच पडतें. मराठी शाळेंतून शास्त्रशाखेकडे जाणाऱ्या मुलाला त्या एका पावलांत सगळी परिभाषा बदलून घ्यावी लागे. उन्हाळ्यापूर्वीं ज्याला आम्ही त्वरण म्हणत होतों तें पावसाळ्यांत 'ॲक्सिलरेशन' झालें. संवेगाचें 'मोमेंटम' झालें. वस्तु त्याच होत्या, पण कोणी रातोरात त्यांच्या नांवाच्या पाट्या बदलाव्या तसें आम्हांला झालें.

माझ्या या मित्राचे वडील वाशिष्ठीच्या खाडीवर तर चालवीत. नववींत असतांना जडत्वाचा नियम मला कांहीं केल्या उमगेना. मास्तरांनीं दोनदां सांगितला, मीं तो पाठहि केला. पण अर्थ लागेना. तेव्हां एका रविवारीं यानें मला वडिलांच्या होडींत बसविलें. होडी धक्क्याला लागून थांबली आणि मी बसल्या जागीं पुढें कोलमडलों. तो हंसून म्हणाला, "होडी थांबली, तूं थांबला नव्हतास. हेंच जडत्व." त्या दिवसानंतर तो नियम मी विसरलों नाहीं.

कॉलेज सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले असतील. वर्गांत सवाशें मुलें होतीं. प्राध्यापक इंग्रजींतून भराभर शिकवीत होते आणि त्यांच्या बोलण्यांत 'इनर्शिया' हा शब्द पुनः पुनः येत होता. मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. माझ्या शेजाऱ्यालाहि नव्हता. आम्हां दोघांत फरक एवढाच कीं, मी मान डोलावीत होतों आणि तो उभा राहिला. त्यानें मराठींत विचारलें, "सर, इनर्शिया म्हणजे काय?"

प्राध्यापक दुष्ट नव्हते, घाईंत होते. ते म्हणाले, "एवढेंहि ठाऊक नाहीं, तर सायन्सला कशाला आलास?" वर्ग खो खो हंसला. मित्रानें एकवार माझ्याकडे पाहिलें. मीहि हंसत होतों. कदाचित् इतरांहून जरा मोठ्यानेंच, कारण आपण त्याच्याबरोबरचे आहों हें कोणाच्या ध्यानांत येऊं नये अशी माझी धडपड चालली होती.

त्या रात्रीं वसतिगृहाच्या खोलींत त्यानें शब्दकोश उघडून तो शब्द शोधला. अर्थ सांपडतांच त्याचा चेहरा उजळला. "अरे, हें तर आपल्या होडीचं!" तो मला म्हणाला. त्याच्या स्वरांत रागाचा लवलेश नव्हता. मला मात्र मान वर करवली नाहीं. पुढें त्यानें वर्गांत कधीं प्रश्न विचारला नाहीं. दिवाळीच्या सुटींत गांवीं गेला तो परत आला नाहीं. वडिलांची प्रकृति बरी नाहीं, असें त्यानें कोणाजवळ सांगितल्याचें कळलें. तें कारण खरें असेलहि. पण त्या शक्यतेच्या आड लपण्याचा मला अधिकार नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, माझी कोणती पूर्वतयारी कमी पडली? इंग्रजी शब्द पाठ केले असते तर हें टळलें असतें काय? मुळींच नाहीं. 'इनर्शिया'चा अर्थ मला येत असता, तर मी अधिक निर्धास्तपणें हंसलों असतों. ज्ञानानें हें व्यंग झांकलें गेलें असतें, गेलें नसतें.

आपण पूर्वतयारी म्हणतों तिचीं दोन अंगें आहेत. एक विषयाची तयारी आणि दुसरी मनाची. अण्णासाहेब कर्व्यांच्या बालपणांतील एक प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. १८७५ सालीं सहावीच्या परीक्षेसाठीं ते मुरुडाहून साताऱ्यास सुमारें ११० मैल भर पावसांत पायीं गेले. आणि तेथें, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. केलेला सारा अभ्यास त्या दिवशीं फुकट गेला. पुढें १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, ते मॅट्रिक झाले आणि १८८४ सालीं पदवीधर. साताऱ्याच्या दारांतून परततांना त्यांच्याबरोबर आलें तें पाठांतर नव्हे. नाकारलें गेल्यावरहि पुन्हा चालूं लागण्याची तयारी. पहिल्या तयारीचा उपयोग दार उघडणाऱ्याच्या मर्जीवर असतो. दुसरी कोणाच्या मर्जीवर नसते.

आणि विद्येच्या दारांतलें पहिलें वाक्य कोणतें असावें, याचा निवाडा आपल्याकडे फार जुन्या काळींच झालेला आहे. छांदोग्य उपनिषदांतील सत्यकाम गुरूकडे गेला तेव्हां गुरूनें त्याचें गोत्र विचारलें. मुलानें आधीं आईला विचारलें होतें आणि तिलाहि तें सांगतां आलें नव्हतें. त्यानें तेंच, आईच्या कष्टांच्या दिवसांसकट, जसेंच्या तसें सांगितलें. एखादें गोत्र ठोकून देणें त्याला अशक्य नव्हतें. पण तो सत्यापासून ढळला नाहीं, म्हणूनच गुरूनें त्याला जवळ केलें. 'मला ठाऊक नाहीं' हें त्याचें उत्तर हाच त्याचा प्रवेश ठरला. माझा मित्र त्या वर्गांत तेंच बोलला होता. आम्हां सवाशें जणांनीं मिळून त्याला दाराबाहेर ठेविलें.

कोणी म्हणेल, सोळा वर्षांच्या भेदरलेल्या खेडवळ मुलाकडून ही फारच मोठी अपेक्षा झाली. दोष शिक्षणपद्धतीचा होता, भाषेचा होता, प्राध्यापकांच्या घाईचा होता. हें खरेंच आहे. आज पुष्कळ शाळांतून गणित आणि शास्त्र आधींपासूनच इंग्रजींत शिकवितात. माझी भाचीहि अशाच शाळेंतली आहे, आणि 'इनर्शिया' शब्द तिला अडविणार नाहीं. पण दुसरा कोणता तरी शब्द अडवील. तिला नाहीं, तर तिच्या शेजारच्या बाकावरील मुलीला. त्या वेळीं वर्ग हंसेल, आणि हंसावें कीं न हंसावें हें ठरविण्यास तिला एक क्षणहि मिळणार नाहीं. वर्गाच्या हंसण्यालाहि एक जडत्व असतें. त्यांतून बाहेर पडण्याचें बळ आयत्या वेळीं येत नाहीं, तें आधींपासून अंगीं मुरलेलें असावें लागतें. तें कोठें मुरतें? मला वाटतें, घरांत. आपल्या सुशिक्षित घरांतून चटकन् उत्तर देणाऱ्या मुलाचें आपण पाहुण्यांदेखत कौतुक करतों. "मला हें समजलें नाहीं, पुन्हा सांगा," असें म्हणणाऱ्या मुलाचें कौतुक मीं तरी क्वचितच ऐकलें आहे. मीं स्वतः माझ्या मुलांचें तें केलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना मीं भाचीला ही सारी हकीकत सांगितली आणि म्हटलें, "तुझ्या वहींत एवढेंच लिही. जें समजलें नाहीं तें समजलें नाहीं म्हणायला शीक. आणि दुसरा तसें म्हणेल, तेव्हां त्याच्या शेजारीं उभी राहा."

तिनें पेन उचललें नाहीं. थोडा वेळ थांबून तिनें विचारलें, "मामा, ते आतां कुठें असतात?"

"ठाऊक नाहीं."

"तुम्ही त्यांना कधीं शोधलंत?"

"नाहीं," मी म्हणालों.

तिनें आणखी कांहीं विचारलें नाहीं. पण त्या दोन प्रश्नांनीं माझ्या साऱ्या तत्त्वचिंतनाची झडती घेतली. सोळा वर्षांच्या मुलाला मागें निरोप पाठविणें फार सोयीचें असतें. तो कांहीं करूं शकत नाहीं आणि मलाहि कांहीं करावें लागत नाहीं. ज्याचें देणें आहे तो मात्र भूतकाळांत नाहीं. तो असलाच तर माझ्याच वयाचा, खाडीकांठच्या त्या गांवांत किंवा आणखी कोठें तरी, आजच्या दिवसांत आहे. चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं, आणि तेथें जाण्यास पुण्याहून एक दिवसहि लागत नाहीं.

भाचीचें कॉलेज सुरू झालें कीं मी चिपळूणला जाणार आहें. तो भेटेल कीं नाहीं, आणि भेटलाच तर आरंभ कसा करावा, याची पूर्वतयारी माझ्याजवळ नाहीं.