देहाचाही हक्क असतो

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) तरुणपणी दररोज रोजा धरत आणि रात्रभर नमाज पढत. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी समजावले, की अशाने डोळे खोल जातील, जीव थकून जाईल, देहाचाही आपल्यावर हक्क असतो. इबादतीलाही जिथे मर्यादा आहे, तिथे पदकासाठीच्या सरावाला ती नसावी काय?

अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये, तेराव्या वर्षी, व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली. १९९२ मध्ये तिने ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या सतराव्या वर्षी, ती स्पर्धांपासून दूर झाली.

खेळ वर्ज्य नाही. सुदृढ देह ही अल्लाहची देणगी आहे. पण मैदानावरून परतलेले मूल मुकाट्याने जेवत असेल, सरावाचे नाव काढताच त्याचा चेहरा उतरत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला जवळ बसवून विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका. त्याला विश्रांती द्या. आपली अपुरी स्वप्ने त्याच्या खांद्यावर लादणे हा जुलूमच आहे. संतती ही अमानत आहे. हिशेबाच्या दिवशी विचारणा पदकांची नव्हे, अमानतीची होईल.

अल्लाह आपल्याला ती सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.