मोकळी केलेली जागा



एक प्रश्न विचारतो, रागावू नका. एस.टी. फलाटाला लागताना आपण कधी खिडकीतून हातरुमाल आत टाकला आहे का? मी टाकला आहे. लाखांदूरहून भंडाऱ्याला जाणाऱ्या गाडीत कित्येकदा टाकला आहे. रुमाल टाकला की ती जागा आपली झाली असे आपण धरून चालतो. कुणी तो उचलून बाजूला ठेवला आणि बसला, तर भांडायला उभे राहतो. कशाच्या बळावर? तिकीट अजून फाडलेले नसते, गाडी महामंडळाची असते. आपला असतो तो फक्त रुमाल.

प्रश्न तसा किरकोळ आहे. पण दहा वर्षांपूर्वी तोच मला परमुलखात, कमरेएवढ्या बर्फात भेटला. तेव्हापासून तो माझ्या मागे आहे. एकट्याने विचार करून तो सुटत नाही, म्हणून आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या भंडारा जिल्ह्याला बर्फ ठाऊक नाही. आपल्याला गारा ठाऊक आहेत. माघ-फाल्गुनात कधी आभाळ फाटते आणि तासाभरात हरभरा-लाखोळीचे शेत झोडपून निघते. पण गार पडते तशी विरघळूनही जाते. पडलेले महिनोन्महिने जात नाही आणि त्याच्यावर पुन्हा पडतच राहते, असे काही आपण पाहिलेले नाही.

२०१४ ची कार्तिकी करून आम्ही उभयता लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत बोस्टनला गेलो. ती आणि जावईबापू डॉर्चेस्टर नावाच्या भागात भाड्याच्या घरात राहत. डिसेंबरात बर्फ फारसा पडलाच नाही. मी मनात म्हटले, लोक उगाच घाबरवतात. मग २६ जानेवारीला संध्याकाळी सुरुवात झाली. भातगिरणीत कोंड्याची धूळ उडते आणि सगळ्यांच्या अंगावर, कपाळावर, पोत्यांवर बसत जाते, तसे ते दिसत होते. आवाज मात्र कसला नाही. वादळ थांबले तेव्हा शहरात दोन फूट बर्फ होता. समुद्रावरची ओलसर हवा आणि उत्तरेकडची कडक थंडी यांची गाठ पडली की तिकडे अशी वादळे होतात. त्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लागोपाठ चार मोठी वादळे आली आणि मध्ये थंडी ओसरलीच नाही, म्हणून पहिला थर वितळण्याआधीच दुसरा त्याच्यावर बसत गेला. १० फेब्रुवारीला तर शहरातली रेल्वे दिवसभर बंद होती. त्या हिवाळ्यात तिथे एकूण ११० इंचांच्या आसपास बर्फ पडला, म्हणजे नऊ फुटांहून जास्त. तोवरचा विक्रम १९९५-९६ च्या हिवाळ्याचा होता, १०७.६ इंचांचा. तो मोडला.

३० जानेवारीला माघी एकादशी आली. पंढरीत माघवारी भरली होती आणि मी खिडकीशी एका घडीच्या खुर्चीवर बसून हरिपाठ म्हणत होतो. त्या खुर्चीचीच ही गोष्ट आहे.

तिकडे गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या करतात. रस्ता सरकारी, जागा कुणाच्याही नावावर नाही. बर्फ पडला की गाडी त्यात गाडली जाते. रस्ता साफ करणारे सरकारी वाहन येते आणि मधला बर्फ लोटून कडेच्या गाड्यांवरच टाकते. मग माणसे फावडी घेऊन बाहेर पडतात. ताजा बर्फ हलका असतो, पण दबलेला, ओला झालेला बर्फ ओल्या मातीच्या घमेल्यासारखा जड लागतो. एक गाडी बाहेर काढायला दोन-दोन तास जातात. गाडी काढून माणूस कामावर गेला की ती मोकळी जागा दुसरा कुणी घेईल. म्हणून तिथे जुना रिवाज आहे. ज्याने जागा मोकळी केली, तो जाताना तिथे काहीतरी ठेवून जातो. खुर्ची, कचऱ्याचा डबा, इस्त्रीचा टेबल, हाताला येईल ते. थोडक्यात, आपला हातरुमालच! त्या शहराने या रिवाजाला मर्यादाही घालून दिली आहे. नगरपालिकेने जाहीर केलेली बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास अशी वस्तू ठेवावी, मग उचलावी. त्याच शहरातल्या साउथ एंड भागात मात्र हा रिवाज चालत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावरचे वादळ होऊन गेल्यावर एका सकाळी जावईबापूंनी अडीच तास खणून गाडी काढली. मीही खाली उतरून फावडे चालवले. कामावर निघताना ते म्हणाले, "बाबा, इथे काहीतरी ठेवा. मी सातनंतर येईन." मी वर जाऊन माझी हरिपाठाची खुर्ची आणली आणि त्या जागेच्या मधोमध मांडली.

दुपारी चारच्या सुमारास, दिवस कलायला लागला असताना, एक जुनी गाडी हळूहळू आली. खुर्चीपाशी थांबली. आतून एक बाई उतरली. मागच्या सीटवर लहान मूल होते. तिने खुर्चीकडे पाहिले, मग वर पाहिले. मी खिडकीत उभा होतो. मी हात हलवून 'नाही' म्हटले. तिने मान डोलावली, गाडीत बसली आणि निघून गेली. जावईबापू सव्वासातला आले. तोपर्यंत तीन तास ती जागा रिकामीच होती.

माऊली, एवढेच घडले. कुणी कुणाला शिवी दिली नाही, कुणाला इजा झाली नाही. जावईबापूंना सांगितले तर ते म्हणाले, "बरं केलंत बाबा, नाहीतर मी गाडी कुठे लावली असती?" त्यांचेही खरे होते. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने अंधारात पुन्हा फावडे हातात का घ्यावे? मग मला त्या रात्री झोप का लागली नाही?

मी स्वतःची बाजू लावून धरायचा पुष्कळ प्रयत्न केला. आमच्या गावात माजी मालगुजारी तलाव आहे. आपल्या जिल्ह्यात असे तलाव गावोगावी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांवर आपल्याकडचे धान पिढ्यान्पिढ्या पिकत आले. तलावाच्या पाण्याला पाळी असते. पाटातला गाळ काढायला जो येतो, त्याने आपल्या पाळीची वाट पाहणे न्यायाचे आहे. जो आला त्यालाही पाणी आणि जो घरी झोपला त्यालाही पाणी, असे चालले तर पुढच्या वर्षी पाट कोण साफ करील? तेव्हा कष्टाचा हक्क खोटा नाही. संत काही आळशाची बाजू घेत नाहीत. खुर्ची ठेवणारा लबाड असतो, असे मी म्हणणार नाही.

पण तलावाचाच दाखला पुढे नेला आणि मी अडकलो. पाळी म्हणजे काय? माझी बांधी भरेपर्यंत पाणी माझे. बांधी भरली की धुऱ्याला तोंड पाडून मी ते खालच्या बांधीला सोडतो. समजा एखाद्याची बांधी तुडुंब भरली आहे, खालच्याचे पऱ्हे वाळत आहेत, आणि हा गडी धुऱ्यावर बसून म्हणतो आहे की माझी पाळी अजून संपली नाही. त्याला आपण काय म्हणू? गावात त्याला कुणी चांगले म्हणणार नाही. कष्टाने पाळी मिळते, मालकी मिळत नाही. आणि पाळी गरजेपुरती असते.

माझी बांधी तर त्या दिवशी सातपर्यंत भरलेलीच होती. गाडीच नव्हती, तर जागेची गरज कसली? माझे इंग्रजी शाळामास्तराचे असले, तरी 'सातच्या आत काढा' एवढे मला सांगता येत होते. चार जिने उतरायचे होते. मी उतरलो नाही. का उतरलो नाही, याचा शोध घेतला तेव्हा जे सापडले ते सांगायला लाज वाटते. थंडीचा कंटाळा नव्हता. 'आम्ही खणली आहे' हा ताठा होता. आणि खरे पाहता मी फावडे चालवले ते फार तर वीस मिनिटे. ताठा मात्र पुऱ्या अडीच तासांचा होता!

त्याच गल्लीत दुसरेही एक पाहिले. समोरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत. तिथल्या नियमाने घरासमोरची पायवाट घरमालकाने बर्फ थांबल्यावर तीन तासांत साफ करायची असते. त्यांच्या हातून ते होण्यासारखे नव्हते. पण रोज उजाडता त्यांच्या दाराच्या पायऱ्या आणि पुढची वाट साफ असे. रात्री पुन्हा बर्फ पडे, सकाळी पुन्हा वाट मोकळी. कोण करी ते मला शेवटपर्यंत कळले नाही. तिथे कुणी खुर्ची ठेवली नव्हती. ज्या वाटेवरून दुसऱ्याने चालावे म्हणून ती साफ केली, तिथे खुर्ची ठेवायची तरी कशी?

हे पाहताना मला आपल्या विदर्भातले गाडगेबाबा आठवले. बाबा पंढरीत येत, हातात खराटा घेत आणि यात्रेने घाण केलेली जागा झाडून काढत. झाडलेल्या जागेवर लोक पुन्हा घाण करत, बाबा पुन्हा झाडत. 'मी झाडली, आता इथे पाय ठेवू नका,' असे म्हणाले असते तर झाडण्याला अर्थ काय उरला असता? पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली, ज्यांना कुणी ओसरीवर घेत नव्हते त्यांच्यासाठी. स्वतःची मालकी त्यांनी कशावर सांगितली नाही. २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवला तोही वाटेवर, अमरावतीजवळ.

आणि त्याच पंढरीत महाद्वारी नामदेवरायांची पायरी आहे. देवाच्या इतक्या जवळच्या भक्ताने मागितली असती तर गाभाऱ्यातली जागा मिळाली असती. परंपरा सांगते की त्यांनी दारातली पायरी मागितली, संतांचे पाय लागावेत म्हणून. देवळात जागा धरण्याचा हा प्रकार आपल्या सगळ्यांच्या उलटा आहे. त्यांनी जागा घेतली ती दुसऱ्याला आत जाता यावे अशी.

आता आपल्याकडे वळतो. वारीत मुक्कामाच्या गावी शाळेच्या व्हरांड्यात आपण पोहोचल्याबरोबर काय करतो? सतरंजी टाकतो. तीन माणसांची सतरंजी, तिच्या टोकाला पिशवी, पिशवीपुढे चपला. 'इथे आमची दरसालची जागा आहे' असे सांगतो. दर्शनबारीत पिशवी ठेवून चहाला जातो. दिंडीत कुणी पुढे, कुणी मागे, यावरून तोंडे वाकडी होतात. बारा-पंधरा वर्षे चाललो, सेवा केली, म्हणून मान मागतो. पण सेवा करून त्या सेवेवर खुर्ची मांडली, तर ती सेवा राहिली की जागा धरणे झाले?

आपण म्हणाल, मास्तर, मग काय कुणीही यावे आणि दांडगाईने बसावे? नाही. दिंडीतल्या म्हाताऱ्या आयाबायांसाठी भिंतीकडेची जागा आपण धरलीच पाहिजे, त्यासाठी प्रसंगी भांडलेही पाहिजे. दांडग्याला जागा सोडणे हे औदार्य नव्हे, त्याने दुबळा उघड्यावर पडतो. प्रश्न धरण्याचा नाही. धरताना मनाला दोन गोष्टी विचाराव्यात: ही जागा कुणाच्या गरजेसाठी धरली आहे? आणि या घडीला ती नुसती रिकामी तर पडलेली नाही ना? पहिल्याला सरळ उत्तर असेल तर खुशाल धरावी. दुसऱ्याला 'आहे' असे उत्तर आले, तर खुर्ची उचलावी.

आम्ही एप्रिलात परतलो. नात झाली होती, सगळे सुखरूप होते. त्या वर्षी आषाढ अधिक आला होता, म्हणून आषाढी २७ जुलैला पडली. पालख्या वाटेवर असताना एके दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, शहरातला शेवटचा बर्फ आज वितळला म्हणे." रस्त्यांवरून उचललेला बर्फ नेऊन समुद्राकडच्या मोकळ्या जागेत त्याचे डोंगर रचले होते. त्यातला शेवटचा ढीग १४ जुलैला संपला. भर उन्हाळ्यापर्यंत तो राहिला! मी फोन ठेवला आणि मुक्कामाच्या जागेकडे आलो. शाळेच्या व्हरांड्यात माझी सतरंजी अंथरलेली होती. शेजारी एक वारकरी बोचके घेऊन भिंतीला टेकून उभ्यानेच डुलक्या घेत होता. मी सतरंजीवरची पिशवी उचलली आणि म्हटले, "माऊली, बसा." तो बसला. नाव विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. पहाटे उठलो तेव्हा तो निघून गेला होता.

त्या बाईला मात्र त्या संध्याकाळी जागा मिळाली की नाही, हे कळायला मला मार्ग नाही. मूल घेऊन ती किती लांबून चालत गेली असेल, हेही नाही. तेवढे माझ्याकडे शिल्लक राहिले आहे. यंदा मुक्कामी सतरंजी टाकताना आपण ती थोडी दुमडून टाकली, तर त्यातला काही भार हलका होईल असे वाटते.

रामकृष्णहरी.