नामधारक विचारतो, मग आपण का नाही?

अर्थ न कळता वाचलेली पोथी देवाला पोचते का? दत्तजयंतीचा सप्ताह आला की आमच्या शिरोळात हा प्रश्न निघतो आणि तसाच विरतो. नरसोबाची वाडी जवळच, गावात भोजनपात्राचं देऊळ. गुरुचरित्र इथं घरोघरी. मी साखर कारखान्याच्या काट्यावर असतो. सप्ताह येतो ऐन हंगामात. तरी रात्रपाळी करून आलो की आंघोळ उरकून पोथीपुढं बसतो.

भाषा चारशे वर्षांहून जुनी. पुतण्यानं विचारलं, "काका, परियेसीं म्हणजे?" म्हटलं, ऐक. "आणि निरोप?" पोथीत निरोप म्हणजे आज्ञा. शिष्य गुरूंचा निरोप घेतो म्हणजे नुसतं 'येतो' म्हणत नाही. त्यांनी 'जा' म्हटल्याशिवाय त्याचा पाय उचलत नाही. एवढा शब्द निसटला तर गुरुशिष्यांचं नातंच निसटतं.

शेजारच्या आण्णांना हे पटत नाही. "पोथी वाचायची, उकरायची न्हाई. डाक्टरची चिठ्ठी तुला कळतीया व्हय? गुण येतोयच की." खरंय, पण ती चिठ्ठी निदान औषधवाल्याला तरी वाचता येते. तोही आपल्यासारखाच निघाला तर?

हा वाद जुनाच. वेदमंत्रांना अर्थच नसतो, हे कौत्साचं मत यास्कानं निरुक्तात नोंदवलं आणि खोडलं: आंधळ्याला खांब दिसला नाही, तर दोष खांबाचा नव्हे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. अक्षर तपासल्यानं त्यांची भक्ती काही कमी झाली नाही.

आण्णांची खरी भीती वेगळी आहे. खोलात गेलं की श्रद्धा उडते, असं त्यांना वाटतं. पण गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात काय आहे? गुरूंनी गरीब ब्राह्मणाच्या दारचा घेवड्याचा वेल उपटला. पोटाचा आधार गेला म्हणून बायको रडली. मग नवरा उरलेलं मूळ खणायला गेला, तेव्हा द्रव्याचा कुंभ लागला.

आणि या ग्रंथाची घडणच प्रश्नोत्तरांची आहे. नामधारक विचारतो, सिद्ध सांगतो. नामधारक गप्प बसला असता तर पोथी पुढं सरकलीच नसती. ज्याला अक्षरओळख नाही, जो नुसता हात जोडून ऐकतो, त्याला देव दूर लोटील असं मी मानत नाही. पण ज्याला विचारता येतं त्यानं न विचारणं, याला मी भक्ती म्हणणार नाही; तो आळस आहे, फक्त सोवळं नेसलेला.

यंदा रोजचं वाचन संपलं की अडलेले शब्द काढून बसायचं, असं घरात ठरलंय. आण्णाही येणार आहेत. म्हणाले, "बघू तर, काय निघतंय."