निढळाचा घाम आणि कपाळाची पट्टी

मराठी भाषेंत प्रामाणिक कष्टाचें वर्णन करावयाचें झाल्यास ‘निढळाचा घाम’ या दोन शब्दांवांचून सहसा भागत नाहीं. निढळ म्हणजे कपाळ. घाम सगळ्याच अंगाला येतो. पाठीला येतो, कांखेंत येतो, तळहाताला तर नुसत्या भीतीनेंही येतो. परंतु भाषेनें प्रतिष्ठा दिली ती कपाळावरच्या घामाला. ज्याची भाकरी निढळाच्या घामाची आहे त्यानें कोणापुढें मान खालीं घालावयाची नसते, असा आपल्याकडील संकेत आहे. यहुदी लोकांच्या उत्पत्तिग्रंथांत चेहऱ्यावरच्या घामानें अन्न मिळविणें ही आदिपुरुषाच्या पदरीं आलेली शिक्षा आहे. आपल्या बोलीनें तीच गोष्ट भूषण म्हणून मिरविली. तेव्हां या कपाळावरचा घाम खालीं उतरूं नये म्हणून कोणी तेथें पट्टी बांधूं लागला, तर त्या कृत्याचा नैतिक दृष्ट्या विचार करणें अगदींच अस्थानीं होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हा विचार आम्हांस पुस्तकांतून सुचला नाहीं. पन्नाशी उलटली, रक्तांतील साखर वाढली, आणि डॉक्टरांनीं औषधाच्या जोडीला रोज पाऊण तास व्यायाम सांगितला; म्हणून आयुष्यांत प्रथमच आम्ही घराजवळच्या एका व्यायामशाळेंत, हल्लीं जिला सर्वजण ‘जिम’ म्हणतात तेथें, जाऊं लागलों. तेथील पुष्कळ तरुण मंडळींच्या कपाळाला टॉवेलच्या कापडाची, दोन-तीन बोटें रुंद, ताणली जाणारी एक पट्टी असते. आमचा एक जुना विद्यार्थी तेथें येतो. त्यानें दुसऱ्याच दिवशीं एक कोरी पट्टी आमच्या हातांत ठेविली व म्हणाला, “सर, ही बांधा. घाम डोळ्यांत जात नाहीं.” आम्हीं ती परत केली आणि वर चार शब्द सुनावले. “अरे, घाम गाळावयाला पैसे भरून यावयाचें, आणि तो आला कीं टिपावयाला पुन्हां सामान विकत घ्यावयाचें, हा कसला व्यायाम?” तो बिचारा हंसून गप्प राहिला. गुरूला उलट उत्तर देणें त्याच्या संस्कारांत नव्हतें. उत्तर मात्र त्याच्यापाशीं असावें.

आमचा पक्ष सकृद्दर्शनीं दुबळा नव्हता. व्यायामशाळेंतील कष्ट हे मुळांतच चमत्कारिक कष्ट आहेत. हमालानें उचललेलें ओझें एका जागेहून दुसऱ्या जागीं जातें. आम्हीं उचललेलें वजन जेथून उचललें तेथेंच परत ठेवावयाचें असतें. शेतकरी मैलभर चालला तर आपल्या बांधावर पोंचतो. आम्ही चालत्या पट्ट्याच्या यंत्रावर अर्धा तास चाललों तरी समोर भिंतीवरचें तेंच घड्याळ असतें. हे कष्ट कोणाच्या ताटांत भाकरी वाढीत नाहींत. त्यांना कष्ट म्हणवून घेण्याचा अधिकार देणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्यांतला त्रास. तो त्रासही एकेक साधन आणून कमी करीत गेलें, तर शेवटीं उरावें काय? ज्यानें हौसेनें कष्ट पत्करले त्यानें त्यांतलें दुःखही मुकाट्यानें पदरांत घ्यावें, असें आमचें म्हणणें होतें.

तें म्हणणें आठवडाभर टिकलें. एके दिवशीं संध्याकाळीं बांकावर निजून घेतलेला व्यायाम आटोपून आम्ही उठलों आणि पांच किलोचें डंबेल एका हातानें डोक्यावर नेऊं लागलों, तोंच कपाळावरचा घाम भुंवई ओलांडून डोळ्यांत उतरला. घामांत मीठ असतें हें आम्ही शाळेंत शिकलों होतों. तें किती झोंबतें हें त्या क्षणीं शिकलों. चष्मा नाकावरून घसरला, तो सांवरण्याकडे लक्ष गेलें, आणि हातांतलें वजन शेजारच्या गृहस्थांच्या पावलापासून वीतभर अंतरावर आदळलें. इजा कोणाला झाली नाहीं. आमच्या तत्त्वज्ञानाला मात्र झाली.

त्या रात्रीं आम्हीं पुन्हां विचार केला. वैद्यशास्त्रांत रोगांचे निज व आगंतु असे दोन भेद करतात. तसेच ते कष्टांचेही करतां येतील. व्यायामांत स्नायूंना येणारा ताण, वाढलेला श्वास, दुसऱ्या दिवशींचें अंग दुखणें, हे निज कष्ट होत. ते काढून टाकले तर व्यायामच निघून जातो. डोळ्यांत गेलेलें मीठ हा आगंतु कष्ट. तो सोसल्यानें दंडांत बळ येत नाहीं. चिमणीच्या उजेडांत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला रात्र जागावी लागते हा विद्येचा मोबदला आहे. परंतु चिमणीची कांच काजळली असतां ती पुसणारा विद्यार्थी अभ्यास चुकवितो, असें कोणी म्हणणार नाहीं. दुःख जेवढें अधिक तेवढें पुण्य अधिक, ही जुन्या व्रतस्थांची चूक. दुःख म्हटलें कीं तें निरर्थकच, ही आजच्या सुखवादी माणसाची चूक. दोघेही एकाच ठिकाणीं चुकतात: कोणतें दुःख फळाचें देंठ आहे आणि कोणतें नुसता वाटेंतला कांटा आहे, हें पाहण्याचे श्रम दोघेही घेत नाहींत.

शरीरशास्त्राची साक्षही अशीच आहे. मनुष्याच्या त्वचेंत घामाच्या ग्रंथी सुमारें २० ते ४० लाख असतात, आणि कपाळावर त्या बऱ्याच दाट असतात. घामाचें काम अंग भिजविणें हें नव्हे, तर तें थंड करणें हें आहे. आणि तें तो वाळून, म्हणजे वाफ होऊन करतो. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जो थेंब वाळण्यापूर्वींच ओघळून जमिनीवर पडला, त्यानें शरीरांतलें पाणी आणि मीठ तेवढें नेलें. उष्णता जवळजवळ नेलीच नाहीं. मुंबईच्या दमट हवेंत मनुष्य घामानें निथळत असतां त्याला उकडतच राहतें, याचें कारण हेंच. पट्टी जो घाम शोषून घेते तो बव्हंशीं असा कामावरून निसटलेला घाम होय. तिनें श्रम रतिभर कमी होत नाहींत. डोळा तेवढा वांचतो. किंबहुना ओघळणाऱ्या पाण्याला डोळ्यापासून बाजूला वळविणारी भुंवई ही देखील एक पट्टीच आहे, आणि ती बांधून घेण्यास आमची संमति निसर्गानें विचारली नव्हती.

तथापि पट्टीच्या कैवाऱ्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. आपल्या जुन्या वैद्यांनीं व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगून, अर्धी शक्ति खर्ची पडल्याची खूण म्हणून कपाळ, नाक, कांखा व सांधे यांवर येणारा घाम आणि तोंडाला पडणारी कोरड हीं दाखविलीं आहेत. त्यांच्या मतें कपाळावरचा घाम हा निरोप्या आहे. निरोप्याला दारांत बसवून ठेवावें आणि त्याचा निरोप ऐकूंच नये, हें शहाणपण नव्हे. आमच्या वयाला तर तें धोक्याचें आहे. कपाळ कोरडें दिसतें म्हणून अजून दम शिल्लक आहे असें समजणाऱ्यानें पट्टी हातानें चांचपून पाहावी. ती ओली चिंब झाली असेल तर निरोप पोंचला आहे.

दुसरा धोका मिरविण्याचा. बियॉन बोर्ग यानें १९७६ ते १९८० अशीं सलग पांच वर्षें विंबल्डन जिंकलें, आणि त्याच्या लांब केसांवरील पट्टी त्याच्या खेळाइतकीच जगप्रसिद्ध झाली. तेव्हांपासून पट्टी हें खेळाडूपणाचें चिन्ह समजून ती बांधणाऱ्यांचाही एक वर्ग आहे. घाम येण्याच्या आधींच ती त्यांच्या कपाळीं चढते आणि पुष्कळदां कोरडीच उतरते. अशांनीं एवढेंच आठवावें कीं, १९८० च्या अंतिम सामन्यांत पट्टी बोर्गच्या कपाळीं होती तशी जॉन मॅकेन्रोच्याही होती. जिंकला मात्र एकच. साधन जोंपर्यंत आपलें काम करतें तोंपर्यंतच तें निर्दोष असतें. त्याचा दागिना झाला कीं तें हंसण्याजोगें होतें.

इतका विचार झाल्यावर आम्हीं पट्टी बांधली असती आणि हा लेखही येथेंच संपला असता. परंतु डंबेल पडलें त्या संध्याकाळीं आणखी एक गोष्ट घडली होती. ती आम्हीं आतांपर्यंत वाचकांपासून राखून ठेविली, कारण ती सांगावयाला संकोच वाटतो. आम्ही ज्या बांकावर निजून व्यायाम केला होता त्यावर आमच्या डोक्याचा व पाठीचा घामानें ओला आकार उमटला होता. आवाज ऐकून तेथील साफसफाईचा माणूस हातांत फडकें घेऊन आला, आणि कांहीं न बोलतां तो आकार पुसूं लागला. वयानें तो आमच्याएवढाच असेल. आम्हीं खिशांतला रुमाल काढला, तसा तो म्हणाला, “राहूं द्या सर, माझं कामच आहे हें.” त्याच्याही कपाळावर घाम होता. तो त्यानें हातानें पुसला नाहीं, दंडावरच्या बाहीला कपाळ घांसून टिपला. कारण दोन्ही हातांना आमचा घाम लागला होता. आमच्या निढळाचा घाम पुसतांना त्याच्या निढळावर घाम आला होता. भाषेनें ज्याला प्रतिष्ठा दिली तो घाम या दोहोंपैकीं कोणता, हें सांगावयाला कोणी पंडित नको होता.

आम्हांस तेव्हां लिसिपसचा पुतळा आठवला. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत झालेल्या या ग्रीक शिल्पकारानें एक मल्ल घडविला. मूळ ब्राँझचा पुतळा नष्ट झाला आहे, परंतु १८४९ सालीं रोममध्यें सांपडलेली त्याची संगमरवरी प्रतिकृति व्हॅटिकनच्या संग्रहांत आहे. ग्रीक मल्ल अंगाला तेल लावून मेहनत करीत, आणि मग तेल, धूळ व घाम धातूच्या वांकड्या खरवडणीनें काढीत. लिसिपसनें आपला मल्ल शड्डू ठोकतांना दाखविला नाहीं, विजयाची माळ घालतांनाही दाखविला नाहीं. तो एक हात पुढें ताणून दुसऱ्या हातानें स्वतःच्या अंगावरचा मळ निपटीत उभा आहे. पुढें रोममध्यें हें काम श्रीमंतांच्या घरीं गुलामांकडे गेलें. सम्राट हेड्रियनविषयीं एक आख्यायिका जुन्या चरित्रांत आहे. स्नानगृहांत एक म्हातारा शिपाई भिंतीला पाठ घांशीत असलेला त्यानें पाहिला. घांसावयाला गुलाम नाहीं असें कळतांच त्यानें त्याला गुलाम दिले आणि त्यांच्या पोटाचा खर्चही दिला. दुसऱ्या वेळीं कित्येक म्हातारे भिंतीला पाठी घांशीत उभे! सम्राटानें त्यांना सांगितलें, तुम्ही एकमेकांच्या पाठी घांसा. हंसूं येतें खरें. परंतु त्या उत्तरांत न्याय आहे. पहिल्या दिवशींच्या दानांत दया होती, पण ती ज्यांच्या हातांनीं पाठ घांसली जावयाची त्यांना कोणी विचारलें नव्हतें.

आपल्या समाजाला तर या बाबतींत रोमकडे बोट दाखविण्याची सोय नाहीं. दुसऱ्याच्या शरीराचा मळ ज्या हातांनीं काढावयाचा ते हात कोणत्या घरीं जन्मावे, हें आम्हीं पिढ्यान् पिढ्या ठरवून ठेविलें, आणि ज्यांनीं तो मळ काढला त्यांनाच मळके म्हटलें. १९०१ सालीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेंत शौचकूपांची घाण पाहून गांधींनीं स्वयंसेवकांना विचारलें, तेव्हां तें भंग्याचें काम असें उत्तर मिळालें. त्यांनीं झाडू मागून घेतला. व्यायामशाळेंतील घाम ही त्या मानानें अगदीं क्षुल्लक वस्तु आहे. परंतु मनाची संवय क्षुल्लक वस्तूंतच घडते.

यावर एक आक्षेप येईल. प्रत्येकानें आपापला घाम पुसला तर त्या माणसाच्या पोटाचें काय? आक्षेप खरा आहे, आणि तो परोपकाराच्या भाषेंत बोलत असल्यामुळें गोडही लागतो. परंतु त्या मनुष्याला झाडण्याला जमीन आहे, पुसण्याला आरसे आहेत, यंत्रांची धूळ आहे. त्यासाठीं त्याला वेतन मिळतें, आणि तें अधिक मिळावें असेंही आम्ही म्हणूं. ज्याला दोन धड हात आहेत आणि जो त्याच हातांचें बळ वाढवावयाला तेथें आला आहे, त्यानें आपल्या घामाचा शेवट दुसऱ्याच्या हातीं सोंपवावा, यांत त्या मनुष्यावर उपकार कोणता? आमचे कष्ट भाकरी पिकवीत नाहींत, तेव्हां निढळाच्या घामाचा मान आम्हांस मिळणार नाहीं. तो मागण्याचा हक्कही नाहीं. एवढें मात्र आमच्या हातीं आहे, कीं त्या घामाचा भार कोणावर पडूं नये. कपाळाची पट्टी त्याचा कांहीं अंश आमच्यापाशींच ठेवून घेते. उरलेल्यासाठीं खांद्यावर पंचा असावा.

आम्हीं विद्यार्थ्याला गांठून ती पट्टी मागून घेतली. त्यानें ती पिशवींतून लगेच काढून दिली. बहुधा पहिल्या दिवसापासून ती तेथेंच असावी. आतां आम्ही ती बांधतों आणि उठतांना बांक पुसतों. साफसफाईचा तो गृहस्थ अजूनही “राहूं द्या सर” म्हणतो. आम्ही राहूं देत नाहीं. परंतु सगळें खरें सांगावयाचें तर पहिले चार दिवस घरीं येतांच आम्ही ती ओली पट्टी धुण्याच्या ढिगांत टाकीत होतों. पांचव्या दिवशीं ती धुऊन वाळून, घडी करून टेबलावर ठेविलेली दिसली, आणि आपला घाम फक्त एका हातांतून काढून दुसऱ्या हातांत दिला होता हें ध्यानांत आलें. तेव्हांपासून ती आम्ही नळाखालीं स्वतः धुतों. धुवावयाला पुरतीं दोन मिनिटेंही लागत नाहींत.