सहभोगाचें सुख

चैत्र-वैशाखांतील यात्रांसाठीं नारायणगांवीं तमाशांच्या राहुट्या पडतात व सुपाऱ्या ठरतात. सुटींत मुलाबाळांसह अशा यात्रेस जाऊन ढोलकी ऐकणें हें निर्दोष सुख आहे काय? यंत्रांतील गाणें एकट्यानेंही ऐकतां येतें. फडासमोर मात्र आजीपासून नातवापर्यंत वाहवा एकदम उठते, आणि सुख वांटल्यानें वाढतें. पण आप्तांपुरतीच वांटणी आम्हांस अपुरी वाटते. तिसरा वांटेकरी गाणारा असतो. १९४८ सालीं मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली, तेव्हां रसिकांची केवळ करमणूक गेली. पाय आला तो कलावंतांच्या पोटावर. म्हणून त्यांच्या श्रमांचें मोल व मान राखून घेतलेलें सुखच निर्दोष म्हणावें.